मीटर मास्टवर चढतं तेव्हा

नागपूरहून हैदराबादकडे निघालं की बुटीबोरी, जाम, हिंगणघाट आणि मग वडनेर. रस्ता तोच, नंबर बदलला. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ७, आताचा ४४. वडनेर सोडलं की थोड्याच वेळात वर्धा नदी आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा. दोन्ही बाजूंना काळी माती आणि कपाशी. गाडीतून जाणाऱ्याच्या नजरेत भरत नाहीत ते मास्ट. कुठे पोलीस ठाण्याच्या आवारात, कुठे टोलनाक्यावर, कुठे रेल्वे स्टेशनच्या मागे उभी असलेली लोखंडी काठी आणि तिच्या टोकाला हातभर ॲन्टेना. वडनेरला पोलीस ठाणं आहे, हिंगणघाटवरून वर्धा-बल्लारशा रेल्वेमार्ग जातो, वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला बोर व्याघ्र प्रकल्प आहे. पोलीस, रेल्वेचे ट्रेन मॅनेजर (पूर्वीचे गार्ड) आणि लोको पायलट, वनरक्षक, या सगळ्यांच्या कमरेला किंवा गाडीत आजही वायरलेस सेट असतो. मोबाईलचा टॉवर बंद पडला तरी हा सेट बोलतो, आणि बटण दाबलं की एकाच वेळी सगळ्यांना ऐकू जातो, म्हणून.

मी हे सेट दुरुस्त करणारा माणूस. या रस्त्यावर माझी बरीच वर्षं गेली, आणि धंद्यातला पहिला धडा मी याच पट्ट्यात शिकलो. जागा वडनेरच्या अलीकडे होती की पलीकडे, ते सांगत नाही.

सेट बोलून राह्यला, पण…

दसरा होऊन गेला होता. पावसाळा संपला तसा एका ठिकाणचा बेस सेट नीट पोचेनासा झाला. आम्ही, म्हणजे मी आणि मला हे काम शिकवणारे उस्ताद, गेलो तेव्हा तिथला ऑपरेटर म्हणाला, “साहेब, सेट बोलून राह्यला, पण तिकडे कोणी आयकूनच नाही राह्यलं.”

वीस मीटरचा मास्ट. तिथून खोलीपर्यंत केबल, एकूण तीसेक मीटर. मी पेटीतून बर्ड मीटर काढला. या धंद्यातल्या जुन्या माणसाला बर्ड म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या बर्ड कंपनीचं हे ‘मॉडेल ४३’ १९५०च्या दशकापासून जगभर वापरात आहे. जाडजूड धातूचा ठोकळा, वर काटा, आणि समोर एका गोल खाचेत बसणारी डबी. डबीवर बाण आणि अक्षरं. ‘५०सी’ लिहिलं असेल तर ती ५० वॅटपर्यंत आणि १०० ते २५० मेगाहर्ट्झसाठी. मीटरला बॅटरी लागत नाही. बाण ॲन्टेनाकडे केला की पुढे जाणारी पॉवर दिसते, डबी चिमटीत धरून उलटी फिरवली की परत येणारी.

मी बोलायचं बटण, म्हणजे पीटीटी, दाबलं. पुढे २५ वॅट. डबी फिरवली. परत जेमतेम अर्धा वॅट. यापेक्षा चांगलं काय हवं? सेटमधून निघालेली पॉवर ॲन्टेनानं घेतली नाही तर ती उलटी येते. तिचं माप म्हणजे एसडब्ल्यूआर. तो दीड असेल तर चार टक्के परत येते, दोनला अकरा टक्के, तीनला पंचवीस टक्के. इथे तर अडीच टक्क्यांच्या आतच. मी निकाल देऊन टाकला : ॲन्टेना ओके, केबल ओके, म्हणजे बिघाड सेटमध्येच. स्क्रू काढायला घेतले.

आमचे उस्ताद काही बोलले नाहीत. पट्टा बांधून मास्टवर चढले, ॲन्टेनाचा कनेक्टर सोडवला आणि हात दूर घेऊन वरून ओरडले, “पॉवर लो कर, आणि क्षणभर दाब!”

दाबलं. वर ॲन्टेनाच नाही, केबलचं तोंड उघडं. सगळी पॉवर उलटी यायला हवी होती. काट्यानं पुन्हा जवळजवळ तेच प्रमाण दाखवलं : परत अडीच टक्के, म्हणजे सगळं उत्तम.

केबलमध्ये पाणी गेलं होतं. वरच्या कनेक्टरवरची टेप उन्हानं तडकली, पावसाळ्यात पाणी आत शिरलं आणि तांब्याच्या जाळीतून खालपर्यंत झिरपत गेलं. आम्ही केबल कापून पाहिली तर जाळी काळी पडलेली, बोट लावलं तर बोटालाही काळं. अशी केबल पॉवर वाटेतच खाऊन टाकते. २५ वॅटपैकी वर पोचत होते चारेक. वरून जे परत फिरत होतं तेही येताना तितक्याच प्रमाणात खाल्लं जात होतं, म्हणून खाली माझ्या मीटरपर्यंत येत होता अर्धा वॅट. आकडा चांगला होता तो केबल सडली होती म्हणूनच.

उस्ताद खाली आले, पट्टा सोडता सोडता म्हणाले, “मीटर खोटं नाही बोललं. तू खाली विचारलंस, त्यानं खालचं सांगितलं.”

बिघाड टेबलावर येत नाही

बाकी कुठलंही यंत्र बिघडलं की आपण ते दुकानात नेतो. वायरलेसमध्ये सेट दुकानात येतो, पण मास्ट, केबल, बॅटरी, अर्थिंग, आजूबाजूची वीज हे सगळं जागेवरच राहतं. दुकानातल्या टेबलावर सेट ठणठणीत, आणि जागेवर परत लावला की मुका, ही तक्रार आमच्याकडे नेहमीची. म्हणून हातात धरून नेता येणाऱ्या मीटरचं महत्त्व. ते आकारानं लहान असण्यात त्याची मोठी गंमत नाही. बिघाड जिथे आहे तिथे ते पोचतं, यात आहे.

बॅटरीचंच घ्या. साधा मल्टीमीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले, बॅटरी पास. पण २५ वॅटचा सेट बोलताना सहा-सात अँपिअर ओढतो. मीटरच्या पिना लावून ठेवायच्या आणि दुसऱ्याला पीटीटी दाबायला सांगायचं. काटा किंवा आकडा साडेदहावर घसरला तर बॅटरी म्हातारी झालीय, किंवा फ्यूजच्या टोकाला गंज आहे. नुसतं ऐकताना सेटला नगण्य करंट लागतो, त्यामुळे हा रोग फक्त बोलताना दिसतो. ‘ऐकू येतं, पण आपलं जात नाही’ असं कोणी म्हणालं की आम्ही आधी मल्टीमीटर काढतो.

दुसरी गोष्ट डमी लोड. पन्नास ओहमचा रेझिस्टर, थंड करायच्या पंखांच्या कवचात बंद. तो ॲन्टेनाच्या जागी लावला की सेटला वाटतं ॲन्टेना आहे, पण हवेत जवळजवळ काहीच जात नाही. वरच्या प्रसंगानंतर आमची पद्धत ठरली : ॲन्टेना सोडवायची, केबलच्या वरच्या टोकाला बर्ड आणि त्यापुढे डमी लोड लावायचा, आणि खालून दाबायला लावायचं. आरजी-२१३ जातीची चांगली केबल तीस मीटर असेल तर १६० मेगाहर्ट्झला २५ पैकी साधारण चौदा वॅट वर पोचतात. हे नुकसान नैसर्गिक. तिथेच कोणी बारीक आरजी-५८ ओढली असेल तर तिच्यातून जेमतेम चौथा हिस्सा पोचतो. स्वस्त केबलचा हा हिशेब खालून कधीच कळत नाही.

खिशातला तज्ज्ञ

बर्ड किती परत आलं ते सांगतो. कुठून परत आलं, हे सांगणारं यंत्र पूर्वी फार महाग असे. ती स्थिती बदलली ती नॅनोव्हीएनएमुळे. जपानमधल्या एका हौशी इंजिनिअरनं हे डिझाईन सर्वांसाठी खुलं केलं, २०१९च्या सुमारास चिनी कारखान्यांनी ते मोठ्या प्रमाणावर काढलं, आणि पत्त्यांच्या कॅटएवढं यंत्र काही हजार रुपयांत हातात आलं. सुरुवातीची यंत्रं ९०० मेगाहर्ट्झपर्यंत मोजत. म्हणजे पोलीस आणि रेल्वेचा व्हीएचएफ पट्टा आरामात.

ते सेटची पॉवर वापरत नाही. स्वतःच अगदी क्षीण लहर सोडतं, एक मिलिवॅटहूनही कमी, आणि परत काय येतं ते आलेख काढून दाखवतं. ॲन्टेनाची लांबी जिथे जुळते तिथे आलेखात दरी दिसते. १६० मेगाहर्ट्झची लहर पावणेदोन-दोन मीटरची, तिचा चौथा भाग म्हणजे साधारण ४७ सेंटिमीटर. गाडीवरची चाबकासारखी ॲन्टेना एवढीच असते. कोणी ती वाकवून, तोडून, ‘जरा’ कापून ठेवली की दरी सरकते, आणि ते डोळ्यांना दिसतं.

त्याला अंतरही काढता येतं. आरजी-२१३ केबलमध्ये लहर प्रकाशाच्या वेगाच्या ६६ टक्के वेगानं धावते. हा आकडा यंत्राला सांगितला की ते म्हणतं, बिघाड अकरा मीटरवर. टेप घेऊन मोजत गेलं की तिथे हमखास काहीतरी सापडतं : खिळ्यानं दाबलेली केबल, उंदरानं कुरतडलेली केबल, नाहीतर कोणीतरी मधेच दिलेला जोड.

पण याही यंत्राला उस्तादांचा नियम लागू आहे. मोजण्याआधी त्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : उघडं टोक, शॉर्ट केलेलं टोक आणि पन्नास ओहम. हे जिथे दाखवाल, तिथून पुढे ते मोजतं. खालच्या टोकाला दाखवून ॲन्टेनाबद्दल मत द्याल तर ते मत केबलसकट ॲन्टेनाचं असेल. म्हणून मी नव्या पोरांना सांगतो, यंत्र खिशात टाका आणि वर जा.

सेटचे कान

बोलण्याची तपासणी सोपी. अवघड ती ऐकण्याची. चांगला सेट व्होल्टच्या चाळीस लाखाव्या भागाएवढा, म्हणजे पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकतो. तेवढ्या सिग्नलवर एक हजार हर्ट्झचा टोन सोडून तो खरखरीपेक्षा किती वर येतो, ते मोजतात. १२ डेसिबल आला की सेट पास. ज्या यंत्रानं हे मोजतात त्यावरच सेटची फ्रीक्वेन्सी किती सरकली तेही पाहतात. १६० मेगाहर्ट्झला सुमारे ४०० हर्ट्झपर्यंत चालतं, त्यापुढे शेजारच्या चॅनेलची खोडी सुरू होते.

हे सगळं करणाऱ्या यंत्राला सर्व्हिस मॉनिटर म्हणतात. आयएफआर, मार्कोनी यांचे जुने मॉनिटर पंधरा किलोंच्या पुढचे. जीपच्या मागच्या सीटवर पोत्यासारखे ठेवून न्यायचे. आता व्हिआवीसारख्या कंपन्यांचे मॉनिटर खांद्याला अडकवता येतात. वजन चारेक किलो, समोर टच स्क्रीन, आणि डिजिटल सेटही तपासतात.

मात्र सेटचे कान चांगले असून भागत नाही, जागा शांत हवी. त्याची एक सुंदर चाचणी आहे. केबलमध्ये एक जोड देऊन मॉनिटरचा क्षीण सिग्नल सेटला ऐकवायचा. आधी ॲन्टेनाच्या जागी डमी लोड, मग ॲन्टेना. दोन्ही वेळी सेटला समजेल असा सिग्नल किती द्यावा लागला, हे लिहायचं. ॲन्टेना लावल्यावर जास्त द्यावा लागला, तर तो फरक म्हणजे त्या जागेचा गोंगाट. दहा डेसिबलचा फरक निघाला तर दुरून येणारा आवाज दहापट जोरकस असेल तेव्हाच कळेल. मग हातातला छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर घेऊन फिरायचं. टायनीएसए नावाचा असाच एक स्वस्त ॲनालायझर २०२० पासून मिळतो. खोलीतला एलईडी दिवा बंद केला की पडद्यावरचं गोंगाटाचं गवत खाली बसतं, मोबाईलचा स्वस्त चार्जर काढला की आणखी बसतं. सेट बदलण्याऐवजी दिवा बदलून आम्ही काही कमी वेळा परतलेलो नाही.

काळ्या मातीचा हिशेब

मास्ट उभा केला की वीज कोसळण्याची भीती आली, आणि भीती आली की अर्थिंग आलं. त्यासाठी अर्थ टेस्टर : जमिनीत दोन खुंट्या ठोकायच्या, यंत्राचं हँडल फिरवायचं किंवा बटण दाबायचं, ओहम वाचायचे.

इथली काळी माती मोठी लबाड. पावसाळ्यात पाणी धरून फुगते, तेव्हा अर्थिंगचा आकडा सुरेख येतो. मे महिन्यात तीच माती आटते, हाताएवढ्या भेगा पडतात, पुरलेल्या अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुटते आणि ओहम चढतात. वीज पडते ती बहुतेक पावसाळ्याच्या तोंडावर, जमीन अजून पुरती भिजलेली नसताना. म्हणून सप्टेंबरात मोजलेलं अर्थिंग आम्ही धरत नाही. मे महिन्यात, भर उन्हात मोजायचं, आणि तेव्हाही कमी आलं तरच सही करायची.

परवाना, आणि एक वही

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. वॉकीटॉकी म्हणजे खेळणं नव्हे. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यात कमी पॉवरचे मान्यताप्राप्त सेट परवान्याशिवाय चालतात. बाकी बहुतेक पट्ट्यांसाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. हौशी रेडिओवाल्यांना परीक्षा देऊन वेगळा परवाना मिळतो, त्यांचा दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. ऑनलाईन मागवलेला सेट कुठल्याही फ्रीक्वेन्सीवर बोलू शकतो, म्हणून त्याला बोलायची परवानगी आहे असं नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाईन विक्रीच्या कंपन्यांसाठी याबाबत नियमावलीच काढली.

राहिली वही. उस्ताद आता नाहीत. त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत. प्रत्येक पानावर तारीख, जागा, आकडा, आणि शेवटचा एक रकाना, त्याला शीर्षक नाही. त्यात कुठे ‘वर’, कुठे ‘खाली’, कुठे ‘दाबून’, कुठे ‘मे’ असं एकेक शब्दात लिहिलेलं. बरीच वर्षं मला तो रकाना फालतू वाटायचा.

मागच्या महिन्यात याच रस्त्यावर एका मास्टवर नवा मुलगा चढला होता. वरून ओरडला, “एसडब्ल्यूआर एक पूर्णांक दोन!”

मी वही उघडून बसलो होतो. पेन थांबलं. विचारलं, “कुठून मोजलं?”

“वरूनच जी!”

मग लिहिलं.