वेदगंगेच्या अलीकडची प्रत

निपाणीतल्या व्यापाऱ्याला कॉम्प्युटर घ्यायचा असो की सी.ए. गाठायचा असो, पाय आपोआप कोल्हापूरकडे वळतात. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. त्यामुळे हिशेबाची जादा प्रत गावाबाहेर ठेवायची ठरली की तीही कोल्हापुरातच, कुणा पाहुण्याच्या कपाटात जाते. पण मधे वेदगंगा नदी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. त्याच दिवसांत पंचगंगेने कोल्हापूरलाही वेढले होते. म्हणजे ज्या पावसात निपाणीच्या तळमजल्यावरचा सर्व्हर भिजायचा, त्याच पावसात जादा प्रतही अडकायची.

बॅकअपचे सारे शास्त्र या एका प्रश्नात आहे: मूळ आणि प्रत, दोन्ही एकाच कारणाने जातील का? समजा, वर्षभरात एखादी डिस्क बिघडण्याची शक्यता शंभरात एक आहे. दोन डिस्कचे नशीब एकमेकांपासून सुटे असेल, तर दोन्ही जाण्याची शक्यता दहा हजारांत एक. पण दोघींना बुडवणारे कारण एकच असेल तर हा गुणाकार करता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर केलेला खर्च मग केवळ समाधानापुरता उरतो.

महाराष्ट्र–कर्नाटक सीमाभागातल्या छोट्या व्यवसायात ‘सर्व्हर’ म्हणजे बहुधा कोपऱ्यातला, यूपीएसला जोडलेला, टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर ज्यावर चालते तो एक कॉम्प्युटर. बॅकअप कुठे घेता, असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘डी ड्राइव्हला.’ सी आणि डी हे पडद्यावर दोन कप्पे दिसतात, पण बहुतेक वेळा आत डिस्क एकच असते. हार्ड डिस्कची चकती साधारणपणे मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि वाचणारे टोक तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. ते टोक चकतीला घासले की सी आणि डी सोबतच जातात. एसएसडीत फिरणारे काही नाही, पण तिची नियंत्रक चिप गेली तर ती कुरकुरही न करता बंद पडते. वळवाच्या पावसात वीज पडून तारेतून दाब चढला आणि अर्थिंग धड नसेल, तर जोडलेले सगळेच एकदम जळू शकते.

यावर विक्रेता ‘रेड’ सुचवतो. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी मांडलेली ही कल्पना चांगली आहे: तेच दोन डिस्कवर लिहायचे, एक बिघडली तरी काम चालू. मात्र हा आरसा फार प्रामाणिक असतो. चुकून पुसलेला फोल्डर दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसला जातो. रेडला बॅकअप म्हणून विकणाऱ्याकडून मी तरी काही घेणार नाही.

खंडणीखोर व्हायरस याच्याही पुढे जातो. आत शिरल्यावर तो आधी बॅकअप शोधतो. कायम लावून ठेवलेली यूएसबी डिस्क, नेटवर्कवरचा सामायिक फोल्डर, विंडोजच्या स्वतःच्या सावली-प्रती, सगळे निकामी करतो आणि मग मूळ फाइली कुलूपबंद करतो. म्हणून एक प्रत तरी तारेपासून तुटलेली हवी, किंवा अशा जागी हवी, जिथे ठरावीक मुदतीपर्यंत ती कुणालाच पुसता येत नाही, मालकालाही नाही. क्लाउडमध्ये ही सोय मिळते. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला, तेव्हा देयक-जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्यातून तात्पुरते तोडले आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, व्यवहार अडकले. बँका वेगवेगळ्या, पण पुरवठादार एक.

प्रतींच्या पिढ्याही ठेवाव्या लागतात. व्हायरस कधी कधी कित्येक दिवस गप्प बसतो, तोवर कालची प्रतही बाधित झालेली असते. पिढ्या ठेवण्याच्या या पद्धतीला बॅकअपच्या धंद्यात ‘आजोबा-बाप-मुलगा’ म्हणतात: महिन्याची, आठवड्याची, रोजची. जागा फार लागत नाही, कारण आजकालची साधने फाइलीचे तुकडे करून बदललेला तुकडाच साठवतात. आणखी एक खबरदारी: टॅलीत नोंदी चालू असताना फोल्डर नुसता कॉपी केला तर अर्धे जुने, अर्धे नवे हाती लागते. कंपनी बंद करून, टॅलीतल्याच बॅकअपच्या आज्ञेने प्रत घ्यावी. मोठे डेटाबेस हा प्रश्न जुन्या मुनीमजींच्या रीतीने सोडवतात. प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत, मग खतावणीत. रोजकीर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा उभी करता येते. म्हणून पूर्ण प्रत रात्री, आणि रोजकीर्दीची प्रत दर पंधरा मिनिटांनी.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वेगळाच धोका आहे, आणि त्याकडे कॉम्प्युटरवाल्याचे लक्षही जात नाही. कारखान्यातल्या अनेक सीएनसी यंत्रांचे पॅरामीटर आणि प्रोग्रॅम ज्या स्मृतीत असतात, ती एका लहानशा बॅटरीवर जगते. यंत्र बंद असताना बॅटरी संपली की अक्षांच्या मर्यादा, भरपाईचे आकडे, वर्षानुवर्षांच्या जॉबचे प्रोग्रॅम, सगळे कोरे. बॅटरी बदलायची ती यंत्राचा वीजपुरवठा चालू ठेवूनच, आणि त्याआधी मेमरी कार्डावर प्रत काढून. कार्यालयातल्या टॅलीचा रोज बॅकअप घेणारे कारखानदार हे मात्र विसरतात, याचे नवल वाटते. हिशेब बिलांवरून पुन्हा लिहिता येईल. ते पॅरामीटर कुठून आणणार?

प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना तर निवडच नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणे कंपनी नियमांनुसार बंधनकारक आहे. बाकीच्यांनाही जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. योगायोग पाहा, जगभर ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळतात ती तारीख ३१ मार्च. आपल्याकडे त्या दिवशी हिशेबनीसाला पाणी प्यायला फुरसत नसते.

आता वेळेचा हिशेब. ५०० जीबी डेटा क्लाउडवरून १०० एमबीपीएसच्या जोडणीने उतरवायला, वेग पूर्ण मिळाला तरी, अकरा तास लागतात. तोच २० एमबीपीएसने वर चढवायला पंचावन्न तास. साध्या यूएसबी ३ डिस्कवरून सुमारे दीड तासात काम होते. म्हणून जवळ एक डिस्क आणि दूर एक प्रत, दोन्ही लागतात. निपाणीकराने दूरची प्रत संकेश्वर किंवा बेळगावच्या बाजूला, वेदगंगा न ओलांडता हाती येईल अशी ठेवावी, आणि हवी तर आणखी एक क्लाउडवर. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांचा बॅकअपही तिथेच जळाला होता. क्लाउडलाही गाव असते. ते कोणते, हे विचारून घ्यावे.

प्रत उघडते का, हे पाहणे मात्र राहून जाते. जानेवारी २०१७ च्या अखेरीस गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. रोजचा बॅकअप शोधला तर तो आवृत्ती न जुळल्यामुळे घेतलाच जात नव्हता, आणि त्याचे इशारे देणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, तिच्यावर निभावले.

तेव्हा मृगाआधी एखाद्या रविवारी दुसराच लॅपटॉप घ्यावा, जुन्या सर्व्हरला हात न लावता प्रत त्यावर उतरवावी आणि शेवटचा व्हाउचर क्रमांक, रोख शिल्लक, एका गिऱ्हाइकाची येणे बाकी मूळ हिशेबाशी ताडून पाहावी. घड्याळ लावून. यात अडचण बहुधा डेटाची निघत नाही. टॅलीचा परवाना नव्या यंत्रावर सुरू करायला ज्या ईमेलचा पासवर्ड लागतो, तो ईमेल कधीकाळच्या डीलरच्या पोराने उघडलेला असतो. कूटबद्ध प्रतीची किल्ली प्रतीसोबत त्याच सर्व्हरवर टाइप करून ठेवलेली असते. ती कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, आणि परवान्याचा ईमेल त्याच आठवड्यात मालकाच्या नावावर करून घ्यावा.