मंडळी, धर्मप्रांत आणि महासभा

म्हैसूर येथील प्रॉटेस्टंट मंडळ्या प्रामुख्याने वेस्लियन मेथडिस्ट मिशनच्या कार्यातून उदयास आल्या. या मिशनने तेथे शाळा आणि छापखाना चालविला व १९०६ साली रुग्णालयही काढले. मात्र या मंडळ्यांना बिशप नव्हता. पाळक व सामान्य सभासद यांच्या सभांमधून त्यांचा कारभार चाले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झाले आणि ही स्थिती पालटली.

या संघटनेत तीन परंपरा एकत्र आल्या. अँग्लिकन चर्चमध्ये बिशपला सर्वाधिक महत्त्व होते. प्रेसबिटेरियन पंथात वडिलांच्या सभेला, तर काँग्रिगेशनल पंथात प्रत्येक स्थानिक मंडळीला. शेवटचे दोन पंथ १९०८ सालीच 'साउथ इंडिया युनायटेड चर्च' या नावाने एक झाले होते. मेथडिस्टांचीही स्वतःची पद्धती होती. अधिकार कोणाच्या हाती असावा, हाच ऐक्यातील बिकट प्रश्न होता. १९१९ साली तरंगंबाडी येथील परिषदेपासून सुरू झालेल्या वाटाघाटी त्यामुळे अठ्ठावीस वर्षे चालल्या.

अखेर तिन्ही तत्त्वांना स्थान देणारी घटना तयार झाली. स्थानिक मंडळ्यांचा कारभार पाळक आणि निवडून आलेली समिती पाहते. त्यांच्या वर धर्मप्रांत असतो. बिशप हा त्याचा प्रमुख खरा. परंतु त्याला धर्मप्रांतसभेच्या साहाय्याने कार्य करावे लागते. या सभेत पाळकांबरोबर सामान्य सभासदांचेही प्रतिनिधी बसतात. बिशपपदासाठी ही सभा काही नावे सुचविते व त्यांतून अंतिम निवड महासभेच्या वतीने होते. अशा रीतीने बिशप केवळ वरून लादला जात नाही आणि केवळ स्थानिक बहुमतावरही ठरत नाही.

महासभा, म्हणजेच सिनॉड, ही सर्वोच्च संस्था होय. ती बिशपांमधून एकाची मुदतबंद अध्यक्ष म्हणून निवड करते. त्यास मॉडरेटर म्हणतात. तो पोपसारखा सर्वाधिकारी नसतो, आणि मॉडरेटर झाल्यावरही आपल्या धर्मप्रांताचा बिशप राहतो. घटनेत बदल करावयाचा तर धर्मप्रांतसभांची संमती घ्यावी लागते.

म्हैसूर धर्मप्रांताचे पहिले बिशप पी. गुरुशांत हे मेथडिस्ट परंपरेतील होते. बिशपपद अपरिचित असलेल्या मंडळ्यांना आपल्यातीलच एक व्यक्ती त्या पदावर लाभली. पुढे या धर्मप्रांताची विभागणी होऊन कर्नाटकात उत्तर, मध्य व दक्षिण असे तीन धर्मप्रांत झाले. म्हैसूर नगर दक्षिण धर्मप्रांतात येते. महाराष्ट्रातील वाचकास परिचित असलेले 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' हेही अशाच ऐक्यातून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झाले.

या व्यवस्थेची खरी कसोटी मालमत्तेच्या बाबतीत लागते. मिशनांकडून आलेल्या जमिनी व इमारती चर्चच्या विश्वस्त संस्थेच्या नावे असतात. रुग्णालये व शाळा धर्मप्रांत चालवितात. प्रार्थनामंदिर मात्र तेथे पिढ्यान्‌पिढ्या उपासना करणाऱ्यांना आपले वाटते. या तिघांचे मत जुळले नाही, अथवा निवडणुकांविषयी संशय निर्माण झाला, म्हणजे प्रकरणे न्यायालयापर्यंत जातात. सत्ता अनेकांत वाटून दिली म्हणून तिचा दुरुपयोग आपोआप टळत नाही. सभेत बसणाऱ्या सामान्य सभासदाने हिशेब विचारला पाहिजे, आणि त्याला उत्तर मिळाले पाहिजे. घटनेने त्याला तेथे स्थान दिले ते याचसाठी.