काउंट आले, म्हणजे मूल बरे झाले का?

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाचे बोनमॅरो ट्रान्सप्लांट ठरले की घरातली सगळी घालमेल त्या एका दिवसाभोवती गोळा होते. ते मोठे ऑपरेशन असेल, मुलाची हाडे उघडतील, अशी धास्ती असते. प्रत्यक्षात भूल दिली जाते ती डोनरला. त्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात आणि मुलाला ती रक्ताच्या पिशवीसारखीच सेंट्रल लाइनमधून चढवतात. कस लागतो तो आधीच्या केमोथेरपीत आणि नंतरच्या महिन्यांत. साधारण दोन ते चार आठवड्यांत नव्या पेशी रुजतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस 500 च्या वर राहतात, आणि वॉर्डात ‘काउंट आले’ असा आनंद होतो. आनंद रास्तच आहे. पण सर्वांत महागात पडणारा गैरसमज इथेच जन्म घेतो: काउंट आले, डिस्चार्ज मिळाला, म्हणजे मूल बरे झाले. न्यूट्रोफिल ही एकाच प्रकारची पेशी आहे. विषाणूंशी लढणाऱ्या टी पेशी आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशी सावरायला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो. सात वर्षांचे मूल घरी येते ते रोगप्रतिकाराच्या बाबतीत तान्ह्या बाळासारखे होऊन. पूर्वीच्या लसींचे संरक्षणही बहुतांशी गेलेले असते. लसीकरण काही महिन्यांनी पहिल्यापासून सुरू करावे लागते, आणि गोवर-कांजिण्यांच्या जिवंत लसी साधारण दोन वर्षांनी, त्याही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झाल्यावरच देतात. म्हणूनच पल्स पोलिओच्या रविवारी धाकट्या भावंडाला थेंब पाजण्याआधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारायला हवे. थेंबांतला जिवंत विषाणू शौचावाटे घरात पसरू शकतो. भावंडासाठी इंजेक्शनची लस असते.

‘प्रतिकारशक्ती कमी आहे ना, मग ती वाढवा,’ हा सल्ला प्रत्येक नातेवाईक देतो. गुळवेलीचा काढा, च्यवनप्राश, कुणाच्या तरी ओळखीच्या वैद्यांची पुडी घरात येते. त्यामागची माया खरी असते, पण तर्क उलटा असतो. या काळात डॉक्टर मुलाला सायक्लोस्पोरिनसारखे औषध मुद्दाम देतात ते नव्या प्रतिकारशक्तीला आवर घालण्यासाठीच. डोनरच्या पेशींना मुलाचे शरीर परके वाटले तर त्या त्याची त्वचा, आतडी आणि यकृत यांवर हल्ला करतात. पुरळ, जुलाब, कावीळ ही त्याची लक्षणे. एका हाताने आवर घालायचा आणि दुसऱ्या हाताने चिथवायचे, हे चालणार कसे? गुळवेलीबाबत तर चिंता निव्वळ कल्पनेतली नाही. कोरोनाच्या काळात काढे घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवले आहे, आणि ते रुग्ण ट्रान्सप्लांटचे नव्हते. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ असे कुणी विचारील. पपनसही नैसर्गिकच आहे. पण ग्रेपफ्रूटप्रमाणेच त्यातली द्रव्ये सायक्लोस्पोरिनचे रक्तातले प्रमाण वाढवू शकतात, आणि ते वाढले की मूत्रपिंडांना धोका. हे प्रमाण इतके नाजूक असते की लेव्हलसाठी रक्त सकाळचा डोस देण्याआधीच काढतात. घाईत आधी गोळी दिली तर आकडा फसवा येतो आणि डोस चुकीचा ठरतो. काढा द्यायचाच असा आग्रह असेल, तर बाटली लेबलसकट डॉक्टरांसमोर ठेवावी. लपवून देऊ नये.

तापाबाबत मात्र चर्चेला जागाच नाही. 100.4 अंश फॅरनहाइट दिसले की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. स्वतःहून पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे धोक्याचे, कारण ताप उतरतो पण रक्तातला संसर्ग पसरत राहतो. मुंबईत बोरिवलीच्या महापालिका केंद्रात किंवा दुसऱ्या शहरात ट्रान्सप्लांट करून गावाकडे परतायची ओढ लागलेल्या कुटुंबांना पहिले शंभर दिवस रुग्णालयाजवळ राहायला सांगतात, त्याचे हेही एक कारण आहे. भाड्याच्या खोलीचा खर्च जिवावर येतो, हे मान्य. पण तापाच्या रात्री पाच-सहा तासांचा प्रवास त्याहून जड जाईल.

मग मुलाला काचेच्या पेटीत ठेवायचे का, हा आक्षेप योग्य आहे, कारण काळजीचा अतिरेकही गैरसमजातूनच होतो. आई-बाबांनी जवळ घेतल्याने संसर्ग होत नाही. हात साबणाने धुतलेले हवेत आणि घरात कुणाला सर्दी-खोकला नको, एवढेच. टाळायची ती गर्दी: स्वागताला जमलेली चाळ, घरी आल्याबरोबर घातलेला सत्यनारायण. पूजा सहा महिन्यांनी घातली तरी चालते. पाहुण्यांपेक्षा भिंतीची ओल आणि शेजारच्या तोडफोडीची धूळ यांकडे लक्ष द्यावे. बुरशी तिथून फुफ्फुसात जाते. जेवणातही अतिरेक नको. इटलीत प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक निर्बंधांच्या आहाराने संसर्ग कमी झाले नाहीत. यावरून कच्चे काहीही द्यावे असे नव्हे. आपल्याकडच्या पाण्याचा भरवसा नाही. ताजा, नीट शिजवलेला वरणभात द्यावा, वरून कच्ची कोथिंबीर पेरू नये, आणि बाकीच्या यादीबद्दल आपल्या केंद्राचे ऐकावे. मूल चार घासही खात नसेल तर तो हट्ट नसतो. तोंडाची आग झालेली असते, चव गेलेली असते. स्टेरॉइड सुरू असतील तर उलट सारखी भूक लागते, चेहरा सुजतो, चिडचिड होते. ओरडून त्यातले काही बदलत नाही. गोळी आधी घ्यायची की अंघोळ आधी, एवढी निवड मुलाच्या हाती दिली तरी त्याचा विरोध पुष्कळ मावळतो.

आणखी एक समजूत उशिरा डोके वर काढते. आता रक्त चढवावे लागत नाही, म्हणजे थॅलेसेमियाचा हिशेब मिटला, असे वाटू लागते. पण वर्षानुवर्षे चढवलेल्या रक्तातले लोह यकृतात आणि हृदयात तसेच साठलेले असते; ट्रान्सप्लांटने ते निघून जात नाही. ते कमी करायला औषधे देतात, किंवा हिमोग्लोबिन चांगले टिकू लागल्यावर ठरावीक अंतराने मुलाचे थोडे थोडे रक्त काढतात. ज्या मुलासाठी दर तीन आठवड्यांनी रक्ताची पिशवी शोधत फिरलो, त्याचेच रक्त काढलेले पाहून आई-वडील हबकतात. नव्या मज्जेला ती कमतरता भरून काढता येते, म्हणूनच ते काढता येते. लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनची तपासणी आणि वाढ, थायरॉइड, यौवन यांची वार्षिक पाहणी पुढेही चालू ठेवावी लागते.