काळा पट्टा कोणी दिला?

सोनगीरला पितळी हंडा घेणारं गिऱ्हाईक तो आधी वाजवून बघतं. मुलाला ज्युदो-कराटेच्या क्लासला घालताना मात्र आपण भिंतीवरची सर्टिफिकिटं बघतो आणि फी भरून मोकळे होतो.

पैसे घेऊन ज्युदो शिकवायचा तर सरकारी पदविका हवी, असा कायदा फ्रान्सने 1955 मध्येच केला. आपल्याकडे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडासंस्था 1961 पासून आहे, तिथे प्रशिक्षक घडतात. पण खासगी क्लास काढायला ती पदविका लागत नाही. काळा पट्टा संघटना देतात, आणि कराटेत संघटनांना तोटा नाही.

मूळ देशात सगळं उत्तमच असेल, हाही भ्रमच. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जिथे ज्युदो सुरू केला, त्या जपानच्या शाळांत 1983 ते 2011 या काळात ज्युदोमुळे शंभरावर मुलं दगावली. डोक्याला मार बसलेली बरीच, त्यांतही नवशिकी जास्त.

म्हणून क्लासमधला पहिला महिना बघा. चांगला शिक्षक आधी पडायला शिकवतो: हनुवटी छातीला टेकलेली, डोकं गादीपासून वर, हात तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम आपटलेला. बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. मुलं कंटाळतात, पालक त्याहून लवकर. तालमीतला जुना वस्तादही नव्या पोराला लगेच जोडीला उभा करत नाही, आधी जोर-बैठका. पहिल्याच आठवड्यात फेकाफेकी आणि तिसऱ्या महिन्यात पट्ट्याची परीक्षा फी मागणारा क्लास दिसला, तर दुसरा शोधावा.