शाळेची किल्ली कोणाकडे?

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या रात्री वाडीतील काही मुले शाळेत होती. ती बचावली व त्यांनीच इतरांना सावध केले, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. शाळा सुटल्यावरही शाळेची इमारत गावाच्या उपयोगी पडते, याचा याहून विदारक दाखला कोणता?

कर्जत-खालापूरच्या ठाकर व कातकरी वाड्यांत जिल्हा परिषदेची शाळा हीच पुष्कळदा एकमेव पक्की सार्वजनिक इमारत असते. मतदान, लसीकरण, अतिवृष्टीतील आसरा, सारे तेथेच होते. परंतु इमारत बांधताना याचा विचार केलेला नसल्याने लोक आले की वर्ग बंद पडतात आणि एरवी सायंकाळी चांगल्या खोल्यांना कुलूप असते.

इंग्लंडात केंब्रिजशायरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी हा विचार आधीच केला. 1930 मध्ये सॉस्टन येथे त्यांचे पहिले ‘व्हिलेज कॉलेज’ उघडले. दिवसा मुलांची शाळा व सायंकाळी प्रौढांचे वर्ग एकाच वास्तूत भरू लागले. ती शाळा मोठ्या मुलांची होती. तथापि तत्त्व प्राथमिक शाळेसही लागू पडते.

आपल्याकडे त्यासाठी फार मोठा खर्च करावयास नको. ग्रंथालय, क्रीडांगण, पिण्याचे पाणी व स्वयंपाकघर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेस आवश्यक ठरविलेच आहे. दरडीपासून दूर, सुरक्षित जागी बांधकाम करावे. ग्रंथालय व एक मोठी खोली रस्त्याच्या बाजूस, स्वतंत्र दाराची असावी. वर्ग आतल्या बाजूस असावेत. मुलांची स्वच्छतागृहे मुलांनाच राखून गावासाठी निराळी बांधावीत. पालक वीटभट्ट्यांवर गेले असता मागे राहणाऱ्या कातकरी मुलांना त्या मोठ्या खोलीत रात्रीचा निवाराही देता येईल. मात्र त्यांची देखरेख करणारे माणूस नेमले पाहिजे.

निवडणूक व जनगणनेच्या कामांनी वाकलेल्या शिक्षकावर रखवालदारीही येणार काय, ही शंका रास्त आहे. म्हणून बाहेरच्या दाराची किल्ली, झाडलोट व विजेचे बिल ग्रामपंचायतीने सांभाळावे. आतली किल्ली मुख्याध्यापकांकडे असावी. वापराचे नियम शाळा व्यवस्थापन समितीने ठरवावेत. तीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात.

पट घटला म्हणून लहान शाळा बंद करण्याची भाषा अधूनमधून ऐकू येते. ज्या शाळेत गाव रोज वाचावयास व बसावयास येते, तिच्यासाठी बोलणारी माणसे त्या गावातच तयार होतील.