दिल्लीचे खेळ आणि मुंबईचा वारा

घरात कुणाकडे टपाल तिकिटांचा जुना अल्बम असेल, तर त्यातलं 1982 सालचं पान शोधा. त्या वर्षी दिल्लीत नववे आशियाई खेळ झाले. अप्पू नावाचा गोड हत्ती त्या खेळांचं बोधचिन्ह होता. टपाल खात्याने त्या निमित्ताने बरीच तिकिटं काढली. एका तिकिटावर वल्हवायच्या होड्या आहेत, तर एकावर शिडाच्या. आणि हे वाचणारे तुम्ही नाशिक रोडचे असाल, तर जरा ताठ बसा. देशाची टपाल तिकिटं छापणारा मोठा सरकारी छापखाना आपल्याच गावात आहे! इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये 1926 पासून टपाल तिकिटं छापली जात आहेत.

आता त्या शिडाच्या होड्यांकडे नीट बघा आणि विचार करा. खेळ दिल्लीत होते. दिल्लीला समुद्र कुठे आहे?

नाहीच! म्हणून दिल्लीच्या खेळांमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती थेट मुंबईत झाल्या. दिल्लीहून मुंबई रेल्वेने साधारण 1400 किलोमीटर. आपल्याला मात्र सकाळी पंचवटी एक्स्प्रेस पकडली की दुपारच्या आत मुंबई. वल्हवायच्या होड्यांच्या शर्यती तिसरीकडेच झाल्या, जयपूरजवळच्या रामगढ तलावात.

एका खेळाला समुद्र, दुसऱ्याला तलाव, असं का? कारण या दोन खेळांच्या आवडीनिवडी अगदी उलट्या आहेत. वल्हवणाऱ्याला शांत, सपाट पाणी हवं. वारा सुटला की त्याची पंचाईत. शिडाच्या होडीला ना वल्हं ना इंजिन. वारा पडला की ती जागच्या जागी डुलत बसते. 1896 साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं, तेव्हा वल्हवायच्या शर्यती कार्यक्रमात होत्या. पण हवा इतकी बिघडली की त्या रद्द कराव्या लागल्या. खेळ एका गावाचे आणि वारा दुसऱ्या गावाचा, ही गोष्टही काही दिल्लीपुरती नाही. 2024 चं ऑलिम्पिक पॅरिसचं होतं आणि शिडाच्या शर्यती झाल्या दूर दक्षिणेला, मार्सेच्या समुद्रात.

मुंबईच्या वाऱ्याचं एक वेळापत्रक असतं. ऊन चढलं की जमीन पटकन तापते, समुद्र सावकाश तापतो. जमिनीवरची हवा गरम होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धावत येते. हे झाले खारे वारे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, मग हवा उलटी, जमिनीकडून पाण्याकडे वाहते. हे मतलई वारे. त्या खेळांच्या महिन्यात, म्हणजे नोव्हेंबरच्या कोरड्या, निरभ्र दिवसांत मुंबईला हा खेळ छान रंगतो. सकाळी जमिनीकडून मंद झुळूक, मग मध्ये वारा जरा गोंधळल्यासारखा, आणि दुपारी समुद्राकडून चांगला भरून येतो. शर्यत लावायला याहून चांगली वेळ कोणती?

आता खरी गंमत. वारा पाठीमागून आला की शीड फुगतं आणि होडी पुढे जाते, हे कुणालाही पटेल. पण या शर्यतीत पहिलाच टप्पा वाऱ्याच्या विरुद्ध असतो! जिकडून वारा येतोय, तिकडेच होडी न्यायची. हे कसं शक्य आहे?

आधी स्वयंपाकघरात जा आणि एक चमचा घ्या. नळ बारीक सोडा. चमच्याचं टोक दोन बोटांत अगदी सैल धरून तो लोंबता ठेवा आणि त्याची फुगीर पाठ हळूच पाण्याच्या धारेला टेकवा. धार चमच्याला ढकलून देईल असं वाटतं ना? होतं भलतंच. चमचा धारेत ओढला जातो! खाली बघा, धारही सरळ पडत नाही. चमच्याच्या पाठीवरून वळून ती तिरकी पडते. चमच्याने पाणी एका बाजूला वळवलं, म्हणून पाण्याने चमच्याला उलट बाजूला ओढलं. न्यूटनचा तिसरा नियम तुमच्या मोरीत!

शिडाचं अगदी असंच. शीड सपाट नसतं, त्याला चमच्यासारखा बाक असतो. तिरका येणारा वारा त्या बाकावरून वळतो आणि होडीच्या मागच्या बाजूला निघून जातो. शिडाने वाऱ्याला वळवलं, म्हणून वारा शिडाला उलट ढकलतो. हा रेटा बराचसा आडवा असतो आणि थोडासाच पुढे. नुसतं शीड असतं, तर होडी आडवीच घसरत गेली असती. म्हणून होडीच्या पोटातून एक उभी फळी खाली पाण्यात सोडलेली असते. ही फळी पुढे जाताना पाणी सहज कापते, पण आडवं सरकायचं म्हटलं की समोरचं सगळं पाणी तिला अडवतं. एका बाजूने वारा दाबतोय, दुसऱ्या बाजूने पाणी दाबतंय. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की कसा सुळकन पुढे निसटतो? तशी होडी पुढे निसटते.

मला विचाराल तर माणसाने लावलेल्या सगळ्यात हुशार शोधांपैकी हा एक आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशांनी तो पुस्तकाशिवाय, हाताच्या सरावाने आत्मसात केला. तिरक्या परबाणाला, म्हणजे शिडाच्या काठीला, शीड बांधून मचवे आणि गलबतं हाकणारे तांडेल शतकानुशतकं वाऱ्याला तिरकं कापत आले आहेत.

तरीही होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. तसं केलं की शीड नुसतं फडफडतं. साधारण 45 अंशांचा कोन ठेवावा लागतो. म्हणून आधी डावीकडे तिरकं जायचं, मग वळून उजवीकडे तिरकं, पुन्हा डावीकडे. अशी नागमोडी वाट. चौकटीच्या वहीत काढून बघा. सरळ अंतर एक किलोमीटर असेल, तर या वाटेने ते सुमारे 1.4 किलोमीटर होतं. आणि गंमत म्हणजे दोन वळणं घ्या नाही तर वीस, एकूण लांबी तेवढीच भरते! मग कमीत कमी वळणं घ्यावीत, कारण दर वळणाला वेग मोडतो? बरोबर. पण वाऱ्याची दिशाही सारखी थोडीथोडी बदलत असते. वारा आणखी समोरून येऊ लागला की लगेच वळणाऱ्याची वाट आखूड होते. म्हणून अव्वल खेळाडू आपल्या होडीइतकंच लांबच्या पाण्याकडे बघत असतो. पाण्यावर गडद, खरखरीत पट्टा दिसला की समजायचं, तिथे वारा पोचलाय.

त्यात मुंबईची भरती-ओहोटी. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, आणि उधाणाला हा फरक चार मीटरच्याही पुढे जातो. म्हणजे एक मजली घराएवढी उंची! एवढं पाणी आत-बाहेर करताना जोराचा प्रवाह तयार होतो. शर्यत सुरू होते ती एका अदृश्य रेषेवर. रेषेच्या एका टोकाला पंचांची बोट, दुसऱ्या टोकाला तरंगता बोया. होडीला ब्रेक नसतो, त्यामुळे सगळे रेषेमागे घुटमळत असतात. इशारा होण्याआधी प्रवाहाने होडी रेषेपलीकडे ढकलली, तर परत फिरून यावं लागतं. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कालच्या वेळी, कालच्याच जागी गेलात, तरी आजचं पाणी वेगळं.

या सगळ्यात 1982 साली भारताच्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल होडीच्या शर्यतींमध्ये सुवर्णपदक पटकावलं. त्या खेळांत भारताला एकूण 13 सुवर्णपदकं मिळाली, त्यातलं हे एक दिल्लीपासून इतक्या दूर, आपल्या मुंबईच्या पाण्यावरचं. तारापोर पुढे 1984 पासून ऑलिम्पिकमध्येही उतरले.

फायरबॉल ही सुमारे पाच मीटर लांबीची, दोघांची होडी. पीटर मिल्न या इंग्रज माणसाने 1962 साली ती आखली. तिची नाळ टोकदार नाही, पुढून जणू कापून टाकल्यासारखी बोथट आहे. एकजण सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो. दुसऱ्याचं काम बघण्यासारखं! वारा होडीला एका बाजूला कलंडवत असतो. मग हा गडी डोलकाठीपासून आलेली तार कमरेच्या पट्ट्याला अडकवतो, पाय होडीच्या काठावर रोवतो आणि अख्खं अंग पाण्यावर बाहेर झोकून देतो. वजन जितकं बाहेर, तितका तोल जास्त सावरतो. वारा पडला की पटकन आत, वाढला की पुन्हा बाहेर. दोघांना एकमेकांचं मन कळावं लागतं, बोलायला वेळच नसतो.

गुणांची पद्धतही मजेशीर. त्या काळच्या ऑलिम्पिकमध्ये अशा सात शर्यती होत. पहिल्या येणाऱ्याला गुण किती? शून्य! दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 5.7, आणि पुढे वाढत जाणारे. प्रत्येकाची सगळ्यात वाईट शर्यत वगळायची आणि शेवटी ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. एक दिवस वाऱ्याने दगा दिला तर चालेल, रोज देऊन चालणार नाही.

‘आम्ही घाटावरचे, आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ. त्यांचा भाग दुष्काळी, आणि त्यांनी विहिरी खणण्याचं कामही केलं होतं. सैन्यात गेल्यावर ते वल्हवायला शिकले, 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरले, आणि 2018 च्या आशियाई खेळांत चौघांच्या होडीतून सुवर्णपदक घेऊन आले. शिडाच्या होडीतली नेहा ठाकूर तर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. ती शिकली भोपाळच्या तलावावर. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने मुलींच्या एकटीने हाकायच्या होडीत रौप्यपदक मिळवलं. तलावावरचा वारा आजूबाजूच्या टेकड्या-इमारतींना वळसे घालत येतो, क्षणाक्षणाला दिशा बदलतो. वाऱ्यावर डोळा ठेवायची सवय अशा पाण्यावर चांगलीच लागते.

आता तुमच्यासाठी एक कोडं. वारा ताशी 20 किलोमीटर वेगाने वाहतोय आणि तो बरोबर पाठीमागून येतोय. त्यावर चालणारी शिडाची होडी ताशी 25 किलोमीटर वेगाने त्याच दिशेला सरळ जाऊ शकेल का? नाही. कारण होडी 20 च्या जवळ पोचली की होडी आणि वारा बरोबरीने धावू लागतात आणि शिडाला वारा लागतच नाही. पण तोच वारा आडवा येत असेल तर? तेव्हा होडी कितीही पळाली, तरी वारा शिडावर येतच राहतो. म्हणून पाण्याला फारशी न चिकटणाऱ्या हलक्या होड्या आडव्या वाऱ्यात खरोखरच वाऱ्यापेक्षा वेगाने पळतात! पटत नसेल तर वहीत होडी काढा, वाऱ्याचे बाण काढा, आणि घरातल्या मोठ्यांशी खुशाल वाद घाला.