दाह, वारसा आणि उतारवयातील बुद्धी

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावी आज ऐंशी ओलांडलेल्या आजींचा जन्म निजामाच्या अमलातला. दफ्तरी नोंद नसली, तर ‘रझाकारांच्या वख्ताला मी कडेवर होते’ एवढ्या जबानीवरच वय ठरवावयाचे. शाळा तुरळक, वरच्या इयत्तांचे माध्यम उर्दू, आणि मुलीच्या शिक्षणाची गोष्ट तर दूरच. अशा व्यक्तीची स्मृती क्षीण झाली आहे, की तिला परीक्षेचीच सवय नाही, याचा निवाडा सोपा नव्हे. म्हणूनच हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर वृद्धांसाठी बेतलेल्या चाचणीत आंबा, खुर्ची आणि नाणे ही नावे सांगून काही वेळाने ती पुन्हा विचारतात, आणि आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणवून घेतात.

हीच चाचणी पुढे देशभरच्या पाहणीत वापरली गेली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 साली पंचेचाळिशीपुढील सुमारे 72 हजार इसमांची पाहणी केली; तिच्या जोडीने झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात साठीपुढील शेकडा 7.4 जणांस हा विकार असल्याचा अंदाज निघाला, आणि स्त्रियांत व ग्रामीण भागात त्याचे प्रमाण अधिक आढळले. मूळ पाहणीत बोटाचे रक्त कागदावर टिपून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनही मोजण्याची तजवीज होती. 1930 साली न्यूमोनियाच्या रुग्णांत प्रथम आढळलेले हे प्रथिन यकृतात तयार होते आणि शरीरात कोठेही दाह पेटला की रक्तात वाढते.

आता ज्यांच्या रक्तात ते अधिक, त्यांची बुद्धी वार्धक्यात मंद, असा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो. परंतु त्यावरून आरोप सिद्ध होत नाही. स्कॉटलंडमध्ये 1936 साली जन्मलेल्या जवळजवळ सर्व मुलांची 1947 साली बुद्धिचाचणी झाली होती. त्यांपैकी एडिंबरो परिसरातील मंडळींना सत्तरीच्या सुमारास पुन्हा तपासले, तेव्हा अकराव्या वर्षीचे गुण हिशेबात धरताच तो संबंध बहुतांशी मावळला. बालपणीच्या बुद्धीबरोबर शिक्षण, रोजगार, आहार आणि व्यसने यांचे धागे गुंतलेले असतात, आणि दाहाचा उगम त्यांतही असू शकतो. मराठवाड्यात तसे जुने दफ्तर कोठून आणावयाचे?

जनुकांची साक्ष येथे उपयोगी पडते, कारण ती जन्मापूर्वीच लिहिलेली असते. काहींना हे प्रथिन आयुष्यभर किंचित अधिक ठेवणारा वारसा मिळतो; तेच मूळ गुन्हेगार असते, तर अशा लोकांत स्मृतिभ्रंश ठळकपणे अधिक दिसावयास हवा होता, आणि तसा तो दिसत नाही. ते बहुधा धूर आहे, आग नव्हे. उलट मेंदूतील रक्षक पेशींशी निगडित असलेल्या ‘ट्रेम-2’ या जनुकातील दुर्मिळ बदलांनी अल्झायमरचा धोका वाढतो, हे 2013 च्या सुमारास उघड झाले; तेव्हा दाहाला सरसकट निर्दोष ठरविणेही घाईचे. ‘एपीओई-4’ हा अधिक परिचित वारसा धोका वाढवितो खरा, परंतु तो असलेल्या प्रत्येकास हा विकार होतोच असे नाही.

अशा स्थितीत केवळ विसरभोळेपणासाठी दाहाची रक्ततपासणी करवून घेणे, माझ्या मते, पैशाचा अपव्यय होय. त्याऐवजी डॉक्टरांकडून बी-12, थायरॉइड, रक्तदाब आणि साखर पाहून घ्यावी, आणि आजींना नीट ऐकू येते की नाही हेही तपासावे.